यादी लागेपर्यंतचे सतरा दिवस

शेफालीचा इंटरव्ह्यू होऊन आठवडा झाला होता आणि यादी अजून लागली नव्हती. लष्कराच्या मेडिकल कॉलेजची वेबसाइट ती दर दहा मिनिटांनी उघडून बघायची. जेवताना उजवा हात ताटात आणि डावा मोबाइलवर. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, तू बघतेस म्हणून ती लवकर लागणार आहे का?"

"आई, प्लीज. तू बोलू नकोस."

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तिच्याइतकंच अस्वस्थ आणखी एक माणूस होतं. माझे वडील. गोपाळकृष्ण केतकर, वय वर्षं ऐंशी, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि ते आमच्याकडे राहायला आले. बोलणं मुळात कमी. सकाळी पेपर, दुपारी शब्दकोडं, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत तीन फेऱ्या. पण त्या आठवड्यात त्यांचं शब्दकोडं रोज अर्धं राहत होतं. माझा नवरा सलिल महिनाभरासाठी चेन्नईला गेलेला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच होतो आणि तिघंही एकाच गोष्टीची वाट बघत होतो.

शनिवारी दुपारी मी डायनिंग टेबलाशी गवार मोडत बसले होते. शेफाली समोर येऊन बसली. बराच वेळ ती शेंगांशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "मला वाटतं, माझा इंटरव्ह्यू खराब झाला."

"त्या दिवशी तर चांगला झाला म्हणालीस."

"ऑलमोस्ट सगळा चांगला झाला गं. पण त्यांनी विचारलं, सैन्यात पोस्टिंग कुठंही होईल, घरापासून लांब राहशील का? आणि मी एकदम ब्लँक झाले. पाच सेकंद तरी काहीच बोलले नाही. मग यस सर म्हटलं. पण ते पाच सेकंद..."

बाबा खिडकीशी आरामखुर्चीत होते. त्यांनी पेपर खाली केला. "शेफाली, पाच सेकंदांनी काही होत नाही. तुला इंग्रजी येतं. प्रश्न कळला, उत्तर दिलंस, संपलं. तुझ्या आईच्या वेळची गोष्ट वेगळी. ती चूक माझी होती."

"कसली चूक?" शेफालीनं विचारलं.

"मी तिला मराठी शाळेत घातलं. मुलगी हुशार. लेखी परीक्षेत साऱ्या देशातून निवडलेली. इंटरव्ह्यूला गेली आणि भाषेत कमी पडली. समोर दिल्लीच्या, केरळच्या मुली फाडफाड बोलणाऱ्या. ही काय बोलणार? तिची डॉक्टरकी माझ्या हट्टापायी गेली. म्हणून तुझ्या वेळेला मी तुझ्या बापाला सांगितलं, इंग्रजी शाळा. काटकसर करा, पण इंग्रजी शाळा."

मराठी शाळा नडली, एवढं मी पूर्वी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. आईकडून, मामाकडून, एकदा तर त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राकडून. पण माझ्यासमोर, चूक स्वतःची मानून, त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं. माझे हात गवारीत तसेच थांबले.

कारण ते खरं नव्हतं, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं, पण आई आता नव्हती.

ब्याण्णव सालचा जून. तेव्हा आम्ही मंडईच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. इस्त्रीची पँट, तेल लावून बसवलेले केस. आम्ही बसनं वानवडीला गेलो. अख्ख्या रस्त्यात बाबा मला शरीरातल्या ग्रंथींची नावं विचारत होते आणि पुढच्या सीटवरचा माणूस वैतागून मागे वळून बघत होता.

कॉलेजच्या आवारात आई-वडिलांना आत सोडत नव्हते. बाहेर एका मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली वडील लोकांचा घोळका उभा होता. निरनिराळ्या भाषांचे, पण सगळ्यांचे चेहरे एकसारखे. बाबा त्यात जाऊन उभे राहिले. मी आत गेले. दालनात शंभरेक मुलंमुली ओळीनं बसलेली. माझ्या शेजारी केरळची एक मुलगी होती. तिनं पर्समधून केळ्याचे वेफर्स काढून मला दिले. आम्ही दोघींनी ते आवाज न करता खायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यानं मला हसू आलं. भीती निम्मी तिथंच गेली.

आत टेबलामागे चौघं होते. तीन पुरुष आणि एक बाई. बाईंचे केस पांढरेशुभ्र, मागे घट्ट अंबाडा, अंगावर गणवेश. नाव, गाव, शाळा झाल्यावर त्यांनीच विचारलं की गेटपासून इथवर येताना काय काय पाहिलंस?

मी म्हटलं, कुंपणाच्या भिंतीवर नेचे उगवलेत, ते पाहिले.

त्यातल्या एकांना गंमत वाटली. कुठले नेचे, म्हणाले. मी सांगायला लागले. ओल्या भिंतीच्या फटीत ते कसे रुजतात, पानाच्या मागे तपकिरी ठिपके असतात त्यांत बीजाणू कसे असतात, एकाच भिंतीवर मी तीन वेगवेगळ्या जाती कशा मोजल्या. सगळं इंग्रजीत. माझ्या मराठी शाळेच्या इंग्रजीत, पण कुठंही अडखळले नाही. मला आठवतंय, मी खुर्चीच्या टोकाशी आले होते आणि हातवारे करत होते.

मी थांबले. तेव्हा त्या बाईंनी शांतपणे विचारलं, "मग तुला डॉक्टर का व्हायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर बाबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. गरिबांची सेवा, देशाची सेवा, विज्ञानाची आवड, असं तीन वाक्यांचं. पण नेच्यांबद्दल इतकं खरं बोलून झाल्यावर ती तीन वाक्यं तोंडातून निघेचनात. मी म्हटलं, "बिकॉज माय फादर वॉन्ट्स इट."

"आणि तुला?"

"मला माहीत नाही, मॅडम."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. बाईंनी कागदावर काही लिहिलं. मग विचारलं, "वडील बाहेर आले आहेत का?"

"येस, मॅडम."

"मग जाऊन त्यांना सांग. आम्हाला सांगितलंस तसंच."

मी बाहेर आले. बाबा घोळक्यातून पुढे धावतच आले. "कसा झाला?"

"चांगला."

"काय विचारलं?"

"नेच्यांबद्दल."

"नेच्यांबद्दल? आणि आलं तुला?"

"सगळं आलं."

बाबांनी मागे वळून त्या अनोळखी वडील लोकांना सांगितलं, "सगळं आलं म्हणते!" एका सरदारजींनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. आणि मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेल्यावर मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. पोळी तव्यावर करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "निकाल कधी?"

"पंधरा-वीस दिवसांत."

"मग इतक्यात सांगू नकोस. काल रात्री ते माझ्याशी तासभर बोलत बसले होते. लग्न झाल्यापासून मी त्यांना एवढं बोलताना पाहिलेलं नाही."

तर अशा रीतीनं ते सतरा दिवस सुरू झाले. मी नंतर मोजले, म्हणून सतरा.

बाबा ऑफिसातून आले की चहा घेऊन मला म्हणायचे, "चल, पाय मोकळे करून येऊ." यापूर्वी ते माझ्याबरोबर कधी फिरायला आले नव्हते. आम्ही लक्ष्मी रोडवरून लकडी पुलापर्यंत जायचो, पुलावर थोडा वेळ थांबायचो आणि नदीकाठानं परत. वाटेत ते बोलत असायचे. त्यांचं इंटर सायन्स, थोडक्यात हुकलेला मेडिकलचा प्रवेश, वडिलांनी दुसऱ्या दिवशीच नोकरीला लावलं ते. कॉलेजात बेडूक कापताना त्यांच्या मित्राला चक्कर आली आणि तो नेमका बेडकावरच पडला. हे सांगताना बाबा पुलाच्या कठड्याला टेकून इतके हसले की जाणारेयेणारे थांबले. माझ्या बापाला विनोद सांगता येतो, हे मला अठराव्या वर्षी कळलं.

मी त्यांना झाडांची नावं सांगायची. त्यांनी एकदा विचारलं, हे कुठलं? मी सांगितलं, वारस. ते? वावळ. दोन-चार दिवसांत त्यांना कळलं की मला रस्त्यावरची सगळीच झाडं माहीत आहेत. "डॉक्टरला एवढी झाडं कशाला लागतात?" ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम वेगळ्या रस्त्यानं नेलं, तिथली झाडं विचारायला.

मंडईत पेरू घेताना ते गाळ्यावरच्या गेनबा माळ्याला म्हणाले, "नीट निवडून दे रे. डॉक्टरीणबाईंना हवेत." गेनबानं मला एक पेरू फुकट दिला. मी तो खाल्ला.

बाराव्या की तेराव्या दिवशी त्यांनी ट्रंक आणली. बोहरी आळीतून, काळी पत्र्याची, हॉस्टेलला न्यायला. शुक्रवार पेठेतल्या पेंटरकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव घालून घ्यायचं होतं. मी बरोबर गेले. पेंटर ब्रश बुडवून विचारत होता आणि मी माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगत होते. बाबा शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून. आता सांगू, या अक्षरानंतर सांगू, आडनाव झालं की सांगू. मी सांगितलं नाही. आज मला कुणी विचारलं की बापाबरोबरचे तुझे सगळ्यात चांगले दिवस कुठले, तर मी तेच सांगेन, ज्या दिवसांत मी त्याला फसवत होते.

यादी लागली तेव्हा बाबा ऑफिसातून परस्पर बघायला गेले. आल्यावर चप्पल न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तीनदा वाचली. नाहीये." नंतर महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. फिरणं थांबलं. मी समजले, ते माझ्यावर रागावलेत. एके दिवशी त्यांनी कॉलेजचा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला. "बी.एस्सी. विषय बॉटनी लिहिलाय. बरोबर आहे का बघ." बरोबर होता. पुढं मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, आणि गेली पंचवीस वर्षं मी वाळवलेल्या झाडापानांचे नमुने कागदावर चिकटवून त्यांची नोंद ठेवते. मला ते काम आवडतं. सकाळी उठून जावंसं वाटतं. पण बाबा त्या सतरा दिवसांइतके मोकळे पुन्हा झाले नाहीत, आणि इंटरव्ह्यूत काय झालं ते मी कधी सांगितलं नाही. आधी धीर नव्हता. मग लग्न, शेफाली, आईचं आजारपण. मग वाटलं, आता काय उपयोग.

आणि आता ते माझ्या मुलीला सांगत होते की चूक त्यांची होती.

मी गवारीचं ताट बाजूला सारलं. "बाबा, मी इंग्रजीत कमी पडले नव्हते."

"तू आता मला बरं वाटावं म्हणून..."

"नाही. मला त्यांनी विचारलं, डॉक्टर का व्हायचंय. मी म्हटलं, वडिलांची इच्छा आहे म्हणून. तुझी आहे का विचारलं, तर म्हटलं, माहीत नाही. म्हणून नाही घेतलं. इंग्रजीचा काही संबंध नव्हता."

शेफालीनं मोबाइल पालथा ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इंग्रजीत सांगितलंस?"

"हो."

"नेमकं वाक्य सांग."

"बिकॉज माय फादर वॉन्ट्स इट."

त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे." आणि उठून त्यांच्या खोलीत गेले.

शेफाली माझ्याकडे बघतच राहिली. "आई! थर्टी-थ्री इयर्स?"

"हो."

"तू ना, कमाल आहेस." तिच्या आवाजात राग होता की कौतुक, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

चारला बाबांचा चहा घेऊन गेले तर खोली रिकामी. चप्पल जागेवर नाही, मोबाइल मात्र टेबलावर. मी कप हातात घेऊनच जिना उतरून खाली आले. ते बागेत होते. फेऱ्या मारत नव्हते, बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. चहा तेवढ्यात निवला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

"म्हणजे आपण पुलावर जायचो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"ट्रंक घेतली तेव्हा?"

"हो."

"पेंटरला स्पेलिंग तूच सांगत होतीस."

"हो, बाबा."

"काय धन्य मुलगी आहे," ते म्हणाले. समोर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. ती लांब जाईपर्यंत ते थांबले. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होता. मला ते थांबवायचं नव्हतं. आणि आईसुद्धा म्हणाली, इतक्यात नको."

"हिलाही माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली, वर-खाली, बराच वेळ. "छान. म्हणजे घरात मूर्ख मी एकटाच."

"बाबा, तसं नाही हो. नंतर तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलंत. मला वाटलं, यादीत नाव नाही म्हणून एवढा राग, तर खरं कळल्यावर काय होईल."

"राग?" ते माझ्याकडे वळले. "अगं, राग कसला? मला तुझ्याकडे बघायची लाज वाटायची. मी म्हणायचो, पोरीनं एवढं केलं आणि आपल्या एका निर्णयानं तिचं नुकसान झालं. तुझ्याशी बोलायला तोंड कुठं होतं मला?"

इतकी वर्षं मी ज्याला राग समजत होते ते हे होतं. मी सांगितलं असतं तर? कदाचित ते खरोखरच रागावले असते. महिनाभर, दोन महिने. आणि मग पुन्हा म्हणाले असते, चल, पाय मोकळे करून येऊ. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भर बागेत, सोसायटीच्या निम्म्या बायकांसमोर.

"आता रडतेस कशाला?" बाबा म्हणाले. "त्या बाई हुशार होत्या. योग्य केलं त्यांनी. तू डॉक्टर झाली असतीस तर पेशंटला सोडून खिडकीतलं झाड बघत बसली असतीस."

मला रडता रडता हसू आलं. त्यांनी रिकामा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गार चहा पाजलास. वर चल, दुसरा कर."

यादी बुधवारी दुपारी लागली. शेफालीचं नाव मुख्य यादीत नव्हतं. वेटिंगला होतं, पण मुलींच्या जागा मोजक्याच, त्यामुळे आशा नव्हती. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा नाक लाल झालं होतं. बाबांनी तिला आपल्याजवळ बसवलं.

"एक विचारू? खरं सांगायचं. मला बरं वाटेल म्हणून नाही. तुझ्या आईला बरं वाटेल म्हणून तर मुळीच नाही. तुला डॉक्टर व्हायचंय?"

"हो, आजोबा."

"का?"

ती विचार करत राहिली. पाच सेकंद नाही, चांगला मिनिटभर. मग म्हणाली, "आजी हॉस्पिटलमध्ये होती ना, तेव्हा तिला काय झालंय ते आपल्याला कुणी नीट सांगतच नव्हतं. मला तेव्हा खूप राग आला होता. मला वाटलं, मी असते तर सांगितलं असतं."

बाबांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते.

पंधरा दिवसांनी राज्याच्या फेरीत तिला मिरजेचं सरकारी कॉलेज मिळालं. सलिल चेन्नईहून आला आणि तोच तिला पोहोचवायला गेला. स्वारगेटला एसटी सुटल्यावर मी आणि बाबा बाहेर आलो. एक रिक्षावाला कोथरूडला यायला तयार नव्हता, दुसऱ्याचा मीटर बंद होता. बाबांनी तिसऱ्याला विचारलं, "आपण जाणार आहात, की इथंच राहता?" तो हसला आणि बसा म्हणाला.

सिंहगड रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली. बाबा बाहेर बघत होते. मग अचानक म्हणाले, "तुला माहितीये का, मी नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी मला कालव्याच्या कामावर दौंडला पाठवलं होतं. तंबूत राहायचो. एकदा रात्रीत पाणी शिरलं आणि साहेबाचा तंबू..."

पुढचं सांगण्याआधीच त्यांना हसू आवरेना. रिक्षावाल्यानं आरसा वळवून मागे पाहिलं. मी त्यांच्याकडे सरकून बसले आणि म्हटलं, "मग काय झालं साहेबाचं?"